घरी बनवलेला एलईडी हेडलाइट: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या कुठल्याही रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या लागतात. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर तो मातीनं भरलेला असतो. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीला आली की पाणी पाजायला मोटरसायकल घेऊन रानात जावंच लागतं. पावसाळ्यात गगनबावड्याच्या अंगाला धुकं उतरतं तेव्हा दहा पावलांवरचं वळण दिसत नाही. चांगला हेडलाइट ही इथं चैनीची गोष्ट नाही.

पण यावर उपाय म्हणून बहुतेक जण काय करतात? बाजारातला पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला दिवा आणून बंपरला ठोकतात. आपल्याला थोडं जास्त दिसतं आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. एका रस्त्यावर दोघांपैकी एक जण आंधळा झाला तर धोका दोघांनाही सारखाच आहे. म्हणून हा लेख दिवा अधिक प्रखर कसा करायचा याबद्दल नाही. उजेड हवा तिथंच कसा पाडायचा आणि मे महिन्यातही तो मंद न होता कसा टिकवायचा, एवढ्या दोन गोष्टींसाठी पुढची सगळी खटपट आहे. आपल्याकडे उद्यमनगरासारखी जागा आहे, जिथं लेथ, ड्रिल आणि ते चालवणारे जाणते हात गल्लोगल्ली सापडतात. अशा गावातल्या पोरांना आपला दिवा आपल्या हातानं करता यावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी ठरवा, कुठला दिवा करायचा

गाडीचा मूळ हेडलाइट काढून त्या जागी घरी केलेला दिवा बसवायचा नाही. हे पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. याला कायद्याचं कारण आहे आणि प्रकाशाचंही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाला येईल तसा बदल करायला मज्जाव करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२-ए मध्ये मालकाला अशा बेकायदा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ तर थेट दिपण्याबद्दलच आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेडानं दिपवता कामा नये. १.५ मीटर म्हणजे साधारण मोटरसायकलवर बसलेल्या किंवा रस्त्याकडेनं चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची.

प्रकाशाचं कारण समजून घ्यायला जुना एच४ बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन फिलामेंट असतात. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावरच प्रकाश पडतो आणि तो खाली रस्त्यावर वळतो. रिफ्लेक्टरची प्रत्येक वक्र रेघ त्या फिलामेंटच्या जागेवरून आखलेली असते. तिथं एलईडीची पट्टी आली आणि ती जागेपासून दोन मिलिमीटर जरी सरकली, तरी डिप्परची वरची कड विस्कटते आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. डिप्परची ती सरळ, तीक्ष्ण कड घरच्या साधनांनी साधणं नवख्याच्या आवाक्यातलं नाही.

मग करता काय येतं? अप्परचा जोडीदार. मूळ हेडलाइट जसाच्या तसा राहील, आपला दिवा वेगळ्या डबीत खाली बसेल, अप्पर लावला तरच पेटेल आणि डिप्पर केला की त्याच क्षणी विझेल. या एका अटीनं दिपण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. ट्रॅक्टरला रात्रीच्या नांगरटीसाठी, उसाच्या फडात भरणी करताना, किंवा मोटरसायकलला रानातल्या वाटेसाठी हा दिवा उत्तम. सार्वजनिक रस्त्यावर वापरायचा असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. तोवर रस्त्यावर त्यावर कापडी टोपी चढवा आणि स्विच बंद ठेवा.

सामान

एका दिव्याला लागतं ते असं: तीन पॉवर एलईडी, एक ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट पुरवणारं सर्किट), तीन लेन्स, ॲल्युमिनियमचा हीट सिंक (एलईडीची उष्णता हवेत सोडणारा पट्ट्यांचा तुकडा), डबी, पुढची काच, वायर, फ्यूज, रिले (छोट्या करंटनं चालू-बंद होणारा स्विच), हँडलवरचा एक स्विच. हत्यारांत ६० वॅटची सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, पाना-पेचकस. मल्टीमीटर नसेल तर सुरुवातच करू नका. अंदाजानं केलेलं काम इथं एलईडी जाळतं आणि कधी कधी वायरिंगही.

एलईडी घेताना ‘वॅट’ या आकड्यावर भुलू नका. ५० वॅट, १०० वॅट म्हणून मिळणारी चौकोनी पिवळी पाटी, जिला सीओबी म्हणतात, ती फ्लडलाइटला ठीक आहे. हेडलाइटला ती निरुपयोगी, कारण उजेड निघण्याची जागा जितकी मोठी तितकी तो एका दिशेला गोळा करायला लेन्स मोठी लागते. आपल्याला छोटी जागा आणि भरपूर उजेड हवा. ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटर आकाराचा, ३ अँपिअरपर्यंत चालणारा एलईडी, क्री कंपनीच्या एक्सएम-एल जातीचा किंवा त्याच मापाचा, हा नवख्यासाठी चांगला. तो ॲल्युमिनियमच्या गोल चकतीवर बसवलेलाच घ्या, सुटा घेऊ नका.

रंग निवडताना ४,००० ते ५,००० केल्विन. ६,५०० चा निळसर पांढरा दुकानात झगमगतो, पण ओल्या डांबरावर आणि धुक्यात तो डोळ्यांना थकवतो. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावरचा पिवळ्या फॉस्फरचा थर निळ्याचा काही भाग पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून पांढरा दिसतो. थर जाड असला की रंग उबदार. त्या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

करंट: इथंच बहुतेक दिवे मरतात

एलईडीला ठरावीक व्होल्टेज नव्हे, ठरावीक करंट लागतो. बल्ब आणि एलईडी यांतला सगळ्यांत मोठा फरक हाच आहे.

आकडे मांडून बघू. आपल्या एलईडीवर १ अँपिअरला साधारण ३ व्होल्ट पडतात. तीन एकामागे एक जोडले की ९ व्होल्ट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतो, पण इंजिन चालू असताना तिथं १३.५ ते १४.५ व्होल्ट असतात आणि दमलेली बॅटरी १२.२ वर येते. आता समजा ड्रायव्हरऐवजी नुसता रेझिस्टर लावला. १४.२ व्होल्टला १ अँपिअर हवा असेल तर १४.२ वजा ९, म्हणजे ५.२ ओहमचा रेझिस्टर. त्यात ५.२ वॅट नुसती उष्णता होऊन जाणार. आणि व्होल्टेज १२.२ वर आलं की करंट ०.६२ अँपिअर. म्हणजे इंजिनचा वेग कमी झाला की उजेड जवळपास दोन तृतीयांशावर. शिवाय एलईडी तापला की त्यावर पडणारं व्होल्टेज कमी होतं, करंट वाढतो, तो आणखी तापतो. रेझिस्टर याला थोडा लगाम घालतो, पण पुरता नाही. थेट बॅटरीला जोडलेला एलईडी तर या फेऱ्यात काही क्षणांत जातो.

म्हणून कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर. व्होल्टेज उतरवणारा, ज्याला बक ड्रायव्हर म्हणतात, तो घ्या. नवख्यासाठी सोपा म्हणजे एलएम२५९६ या चिपवरचा, करंट आणि व्होल्टेज असे दोन्ही स्क्रू असलेला तयार मॉड्यूल. त्यावर दोन-तीन छोटे निळे प्रीसेट, म्हणजे पेचकसानं फिरवायचे ते स्क्रू, असतात. करंटचा आणि व्होल्टेजचा कुठला, हे आधी खात्री करून घ्या. तीनच एलईडी का, चार का नाहीत? चारचे १२ व्होल्ट होतात आणि बक ड्रायव्हरला चालायला स्वतःसाठी वर दीड-दोन व्होल्टची जागा लागते. दमलेल्या बॅटरीवर ती उरत नाही.

मॉड्यूल लावायची पद्धत अशी. आधी एलईडी न जोडता इनपुटला १२ व्होल्ट द्या, आउटपुटवर मल्टीमीटर लावा आणि व्होल्टेजचा प्रीसेट फिरवून १० व्होल्टवर आणा. मग करंटचा प्रीसेट अगदी कमीकडे फिरवा. मल्टीमीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर आउटपुटच्या दोन टोकांवर थेट लावा आणि करंटचा प्रीसेट सावकाश फिरवत ०.५ अँपिअरवर थांबा. पहिला प्रयोग याच करंटवर करायचा. सगळं जमलं आणि तापमान ताब्यात आहे असं दिसलं की मगच १ अँपिअर. ३ अँपिअर सोसणारा एलईडी आपण १ वरच चालवतो, कारण कमी करंटला तो वॅटमागे जास्त उजेड देतो, कमी तापतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तीन एलईडी मिळून ९ वॅट, आणि अस्सल माल असेल तर हजार ल्युमेनच्या आसपास उजेड. एच४ हॅलोजनच्या डिप्परला याच्याच जवळपास उजेडासाठी ५५ वॅट जाळावे लागतात.

उष्णता

एलईडी पुढं उजेड फेकतो आणि उष्णता मागं सोडतो. दिलेल्या विजेचा निम्म्याहून मोठा भाग उष्णताच होतो. बल्ब ही उष्णता समोर किरणांनी टाकून देतो. एलईडीत ती पाठीतून काढून न्यावी लागते.

हौशी मंडळींत एक ठोकताळा चालतो: वाऱ्याविना ठेवलेल्या हीट सिंकला दर वॅटमागे साधारण ६० चौरस सेंटिमीटर उघडा पृष्ठभाग. ९ वॅटला ५४० होतात. १० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद तळाचा, अडीच सेंटिमीटर उंचीच्या १० फिन (पातळ पट्ट्या) असलेला तुकडा घेतला तर फिनचेच ५०० आणि तळाचे १५० च्या आसपास धरून काम भागतं. असा तुकडा नवा विकत घ्यायची गरज नाही. जुन्या ॲम्प्लिफायरचा, इन्व्हर्टरचा हीट सिंक भंगारात मिळतो. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपात तो न्या, पाठ फेसिंग करून सपाट करून घ्या आणि तीन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोकं पाडून त्यांत आटे पाडून घ्या. काम दहा मिनिटांचं असतं. कारागिराला कशासाठी करतोय ते नीट सांगा. ही माणसं एकदा काम कळलं की आपल्याला न सुचलेली गोष्ट सुचवतात.

चकती आणि हीट सिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लावायची ती पातळ. पेस्ट ही धातूपेक्षा उष्णता कमीच नेते. तिचं काम फक्त बारीक खाचांमधली हवा बाहेर काढण्याचं. तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. फिन नेहमी उभ्या राहतील असा हीट सिंक बसवा, म्हणजे तापलेली हवा आपोआप वर जाते. आडव्या फिनमध्ये ती अडकते, आणि पावसाळ्यात चिखलही.

तपासणी अशी करा: दिवा घरात, पंखा बंद ठेवून, अर्धा तास चालवा. हीट सिंकला बोट तीन-चार सेकंद टेकवून ठेवता आलं पाहिजे. लगेच मागं घ्यावं लागलं तर करंट कमी करा किंवा तुकडा मोठा घ्या. ही तपासणी थंडीत केली असेल तर लक्षात ठेवा, उन्हाळ्यात बाहेरची हवाच पंधरा-वीस अंशांनी गरम असते आणि ती सगळी वाढ एलईडीपर्यंत जशीच्या तशी पोचते. चालत्या गाडीला वारा मिळतो हे खरं, पण शेताच्या बांधावर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरला मिळत नाही. हिशोब उभ्या गाडीचाच धरा.

जोडणी

एलईडीची चकती ॲल्युमिनियमची असल्यामुळे ती सोल्डरची उष्णता गिळून टाकते. २५ वॅटच्या आयर्ननं वर गोळा होतो, खाली धरत नाही. म्हणून ६० वॅट, आणि चकती हीट सिंकवर बसवण्याआधीच वायर सोल्डर करायची. आधी चकतीच्या पॅडवर थोडं सोल्डर, मग वायरच्या टोकावर थोडं, मग दोन्ही एकत्र टेकवून दोन सेकंद. एलईडीच्या पारदर्शक घुमटाला बोट लावू नका.

पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस तिसऱ्याच्या प्लसला. उरलेली दोन टोकं ड्रायव्हरकडे. चकत्या स्क्रूनं आवळताना स्क्रूचं डोकं सोल्डरच्या पॅडला टेकणार नाही असं बघा, खाली नायलॉनचा वॉशर घाला. मग मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्रत्येक पॅड आणि हीट सिंक यांच्यात तपासा. बीप आला तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि तो सापडेपर्यंत करंट द्यायचा नाही.

पहिल्यांदा पेटवताना तोंड भिंतीकडे. चालू एलईडीकडे सरळ बघू नका, शेजारच्या पोरांनाही बघू देऊ नका. छोट्या जागेतून येणारा हा उजेड डोळ्यांना इजा करू शकतो.

लेन्स

एलईडी नुसता ठेवला तर सुमारे १२० अंशांत उजेड पसरवतो. त्यातला बहुतेक आभाळात आणि शेजारच्या उसात वाया. लेन्स तो गोळा करते.

लेन्सवर अंश लिहिलेले असतात. त्यांचा अर्थ जमिनीवर काय होतो ते बघा. १० अंशांची लेन्स २५ मीटरवर साधारण ४.४ मीटर व्यासाचा गोल पाडते, म्हणजे एका बैलगाडीवाटेपेक्षा जास्त रुंद. ३० अंशांची लेन्स १० मीटरवर ५.४ मीटरचा. यावरून दिसेल की लांबचं बघायला अरुंद आणि कडेचं बघायला रुंद, अशी जोडी लागते. माझी शिफारस: मधला एलईडी १० ते १५ अंशांच्या गोल लेन्सचा, आणि दोन्ही बाजूंचे लंबगोल लेन्सचे, म्हणजे उभ्यात १० अंश आणि आडव्यात ४० च्या आसपास पसरणारे. लंबगोल लेन्सवर बारीक रेघा असतात. उजेड त्या रेघांना आडवा पसरतो. भिंतीवर पट्टा जमिनीला समांतर येईपर्यंत लेन्स फिरवा आणि मगच चिकटवा. त्या एलईडीच्या मापासाठीच बनवलेली लेन्स आणि तिचा होल्डर घ्या. एक मिलिमीटर वर-खाली झालं तरी मधोमध काळा ठिपका किंवा पिवळं कडं दिसायला लागतं.

किती लांबचं दिसायला हवं, याचाही हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दिव्याविना उभी ट्रॉली दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेलेले असतात. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी २८ मीटर. एकूण ५३. ताशी ४० ला हेच अंतर २९ मीटर होतं. म्हणजे ५०-६० मीटरपर्यंत नीट दाखवणारा दिवा ताशी ६० ला जेमतेम पुरतो. त्याहून वेगात जायचं असेल तर दिव्याच्या पुढं आपण आंधळेच चालवतोय. ओल्या रस्त्यावर तर आकडे याहून वाईट.

डबी आणि पाणी

हीट सिंक डबीच्या आत कोंडू नका. तोच डबीची पाठ व्हायला हवा, फिन बाहेर हवेत. पुढं काच. ॲक्रिलिकला खडीच्या धुळीनं ओरखडे पडतात. तीन मिलिमीटरची टफन काच मापात करून घेतली तर उत्तम.

सांधे भरायला सिलिकॉन लागतं आणि इथं एक बारकावा आहे. शिर्क्यासारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं. ते तांब्याला गंज चढवतं आणि बंद डबीत एलईडीलाही खराब करतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागून घ्या.

आणि डबी शंभर टक्के हवाबंद करायच्या मागे लागू नका. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. पावसात भिजून गार झाला की तो हवा आत ओढतो, आणि जिथं बारीक फट असेल तिथून पाणीही. जिल्ह्यात सगळ्यांत जास्त पाऊस गगनबावड्याला पडतो; तिकडं एक फेरी मारली की काचेवर आतून दव धरलेलं दिसेल. त्यापेक्षा डबीच्या तळाला, मागच्या बाजूला, दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवा. आत गेलेलं पाणी निघून जातं, हवा खेळती राहते. ड्रायव्हर मात्र वेगळ्या छोट्या डबीत, सीटखाली किंवा बॉनेटच्या आत कोरड्या जागी ठेवा.

वायरिंग

आधी तुमच्या गाडीचा हेडलाइट एसीवर चालतो की डीसीवर, हे तपासा. जुन्या अनेक मोटरसायकली आणि मोपेडमध्ये हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज करणाऱ्या जनरेटरच्या, कॉइलवर असतो. म्हणून तो इंजिन संथ झाल्यावर मिणमिणतो. इंजिन चालू ठेवून हेडलाइटच्या टोकांवर मल्टीमीटर लावा. डीसीवर जवळपास शून्य आणि एसीवर बारा-तेरा दाखवलं तर तुमची गाडी त्या जातीची. आपला ड्रायव्हर डीसीवरच चालतो, तेव्हा वीज थेट बॅटरीवरूनच घ्यायची.

बॅटरीच्या प्लसवरून निघालेल्या वायरला वीतभर अंतराच्या आत फ्यूज. कितीही घाई असली तरी हा फ्यूज शेवटी लावू म्हणून सोडू नका. वायर घासून बॉडीला टेकली तर आग आणि तुमच्यामध्ये तेवढाच असतो. ड्रायव्हरसकट आपला दिवा एक अँपिअरच्या आत-बाहेर घेतो, ३ अँपिअरचा फ्यूज आणि १ चौरस मिलिमीटरची वायर भरपूर झाली. फ्यूजनंतर रिलेचा ३० नंबरचा पाय. ८७ वरून ड्रायव्हरचा प्लस. ८५ बॉडी अर्थला. ८६ ला अप्परच्या वायरवरून सिग्नल, मध्ये हँडलवरचा स्विच. एवढ्या करंटला रिले नसता तरी चाललं असतं, पण त्यामुळे मूळ वायरिंगवर आपला भार पडत नाही आणि अप्पर विझला की दिवा हमखास विझतो.

एसी हेडलाइटच्या गाडीत मात्र ८६ ला अप्परची वायर जोडू नका, रिले करकर वाजत राहील. तिथं इग्निशननंतरच्या डीसी वायरवरून सिग्नल घ्या आणि हँडलवरच्या स्विचनं दिवा हातानं बंद करायची सवय लावा. समोरून गाडी दिसली की अंगठा स्विचवर गेलाच पाहिजे. ही शिस्त पाळणार नसाल तर अशा गाडीवर हा दिवा फक्त रानातच वापरा.

छोट्या मोटरसायकलींची बॅटरी ३ अँपिअर-अवरच्या आसपासची असते. इंजिन बंद ठेवून दिवा लावला तर दोन-तीन तासांत ती झोपेल, आणि मध्यरात्री रानात किक मारत बसावं लागेल. दिवा लावून, इंजिन मध्यम वेगावर ठेवून बॅटरीवरचं व्होल्टेज बघा. १३ च्या वर राहिलं तर चार्जिंग पुरतंय. ट्रॅक्टरला ही अडचण नाही, पण तिथं बॅटरीचं टर्मिनल सैल असलं की चालू इंजिनवर व्होल्टेजची मोठी उसळी येते. ४० व्होल्टपर्यंत सोसणारा ड्रायव्हर घ्या आणि त्याच्या इनपुटवर अशी उसळी शोषून घेणारा एक टीव्हीएस डायोड टाका. ट्रकवर हा दिवा लावायचा असेल तर तिथं २४ व्होल्ट असतात, हेही विसरू नका.

वायर तारेनं बांधू नका. नळी घाला, पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट घाला आणि हँडल दोन्हीकडे पुरतं वळवून वायर ताणली जात नाही ना ते बघा.

भिंतीसमोर

दिवा मूळ हेडलाइटच्या खाली बसवा, वर नको. सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. टायरची हवा बरोबर हवी आणि सीटवर माणूस हवा. मोटरसायकलवर मागं बसणारा नेहमी असेल तर त्यालाही बसवा, कारण मागचा भाग दबला की पुढचा उजेड वर उचलला जातो. दिव्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूनं मारा. उजेडाचा सर्वांत प्रखर भाग त्या खुणेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली यायला हवा. दिवा ७० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि १० मीटरला १० सेंटिमीटर उतार दिला, तर प्रखर भागाचा मध्य ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. मगाशी काढलेल्या ५३ मीटरला एवढं पुरतं.

धुक्यासाठी हा दिवा वापरायचा नाही. धुक्यातले थेंब उजेड परत डोळ्यांतच फेकतात, त्यामुळे अप्पर जितका प्रखर तितकी समोर पांढरी भिंत. तिथं दुसरा, फक्त लंबगोल लेन्सचा दिवा करा. तो शक्य तितका खाली बसवून ५ अंश खाली झुकवा. लेन्सचा उभा पसारा १० अंशांचा, त्यामुळे त्याची वरची कड बरोबर आडवी राहते आणि वर फारसं काही जात नाही. ६० सेंटिमीटर उंचीवरून त्याचा मध्य जेमतेम ७ मीटरवर पडतो. कमी वाटेल, पण करूळ घाटात धुकं असताना रस्त्याची कड आणि पांढरी पट्टी दिसण्यावरच सगळं असतं, आणि वेगही तेवढाच ठेवायचा असतो.

मग अंधार पडल्यावर मोकळ्या माळावर मित्राला त्याच्या मोटरसायकलवर ५० मीटर समोर बसवा. अप्पर-डिप्पर करून दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. नंतर जागा बदला आणि स्वतः तिथं बसून बघा. डिप्परवर तुमच्या दिव्याची ठिणगीही दिसता कामा नये. धुक्याचा दिवा केला असेल तर तोही अशाच तपासणीतून जाऊ द्या, आणि त्यात कारमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांएवढ्या उंचीवरूनही बघा, कारण मोटारवाल्याचे डोळे आपल्यापेक्षा खाली असतात.

बसवल्यानंतर पहिल्या महिन्यात स्क्रू दोनदा तरी आवळा. आपल्या खड्ड्यांनी कुठलाही स्क्रू सैल होतो, तेव्हा थ्रेड लॉक नाहीतर स्प्रिंग वॉशर घातलेला बरा. पहिल्या मोठ्या पावसानंतर डबीच्या तळाचं भोक चिखलानं बुजलंय का ते काडी घालून बघा, फिनमधली माती ब्रशनं काढा, आणि भिंतीवरची खडूची खूण पुसली गेली असेल तर पुन्हा मारून दिव्याचा उतार तपासा.